भट्टीचं पाणी हवेवर गार करताना : शिरोलीतल्या फाउंड्रीत ड्राय कूलर बसवण्याचा अनुभव

इंडक्शन भट्टीच्या कॉइलचं (भट्टीभोवतीच्या, वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पोकळ वेटोळ्याचं) पाणी कुलिंग टॉवरऐवजी ड्राय कूलरने, म्हणजे नळ्यांत फिरवून बाहेरून पंख्याच्या हवेवर गार करायचं, हे काम आम्ही जानेवारी २०२४ मध्ये हाती घेतलं आणि मे २०२५ मध्ये ते पुरं झालं. शिरोली एमआयडीसीतली मध्यम आकाराची फाउंड्री, ५०० किलोची ३५० किलोवॅटची एक भट्टी, दोन पाळ्या. कॅटलॉगमध्ये आकडे भरपूर मिळत होते, पण ते कुठल्या हवेसाठी आहेत आणि कोल्हापूरच्या उन्हाळ्याला, फाउंड्रीच्या धुळीला लागू पडतात का, ते कुठेच सापडेना. म्हणून जे केलं ते क्रमाने आणि आकड्यांसकट मांडतो आहोत.

टॉवर का काढावासा वाटला ते आधी. कॉइलचं बंद सर्किट प्लेट हीट एक्स्चेंजरमधून (पातळ प्लेटांच्या आडून एका पाण्याची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्रातून) जायचं आणि प्लेटच्या दुसऱ्या अंगाने टॉवरचं उघडं पाणी फिरायचं. टॉवर पाणी उडवूनच गारवा देतो. १०० किलोवॅट उष्णता टाकायची तर तासाला सुमारे १५० लिटर पाण्याची वाफ होते, आणि क्षार वाढू नयेत म्हणून आणखी त्याच्या निम्मं तरी पाणी सोडून द्यावं लागतं. उन्हाळ्यात बोअरचं जड पाणी घातलं की प्लेटांवर पांढरा थर चढायचा. दर दोन-अडीच महिन्यांनी प्लेटा उघडून ॲसिडने धुवायच्या, आणि तेवढ्या काळात कॉइलचं पाणी तापून भट्टी ट्रिप व्हायची, म्हणजे आपोआप बंद पडायची. भट्टीत वितळलेला रस असताना पाण्याची घंटा वाजली की काय वाटतं, ते फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको.

पहिला धडा मापाचा. एका पुरवठादाराने भट्टीची नेमप्लेट बघून १५० किलोवॅटचा कूलर सुचवला होता. आम्ही एका दिवसासाठी पाइपवर बाहेरून बसणारं अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर भाड्याने आणलं, भाडं ३,५०० रुपये. कॉइलच्या पुरवठ्याच्या आणि परतीच्या पाइपवर तापमानाचे दोन सेन्सर लावले. भट्टी पूर्ण पॉवरवर असताना प्रवाह १०.१ घनमीटर प्रति तास आणि तापमानातला फरक ८.४ अंश आला. हिशेब केला तर सुमारे ९७ किलोवॅट. हे माप लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) नवं असताना घेऊ नका. लायनिंग झिजत जाईल तसा रस कॉइलच्या जवळ येतो आणि पाण्यात जाणारी उष्णता वाढते. आमचं माप लायनिंग पाडायच्या आदल्या आठवड्यातलं होतं. वीस टक्के वाढ धरून डिझाइन १२० किलोवॅटवर ठरवलं. नेमप्लेटवर विसंबून १५० ची वस्तू घेतली असती तर तीस किलोवॅटचे पैसे फुकट गेले असते.

दुसरी गोष्ट त्याच महिन्यात कळली, आणि सगळ्या कामात हीच सर्वांत महत्त्वाची ठरली. भट्टीला एक नाही, दोन सर्किटं असतात. एक कॉइलचं, दुसरं भट्टीला वीज देणाऱ्या पॅनेलचं. पॅनेलमधल्या थायरिस्टरांना (वीज नियंत्रित करणाऱ्या भागांना) डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी लागतं आणि आमच्या भट्टीच्या पुस्तकात त्याची कमाल मर्यादा ३८ अंश दिली आहे. हवा ४० अंशांची असताना त्याच हवेने पाणी ३८ वर आणता येत नाही, कूलर कितीही मोठा घ्या. कॉइलला मात्र पाणी ५० अंशांपर्यंत चालतं आणि परतीचा अलार्म ६५ ला आहे. म्हणून कॉइलचं ९७ किलोवॅटचं ओझं हवेवर टाकलं आणि पॅनेलचं अठराएक किलोवॅट एका छोट्या टॉवरवरच ठेवलं. 'टॉवर पूर्ण बंद करून देतो' असं कुणी म्हणालं तर पॅनेलचं पाणी किती अंशांवर जाणार, हा प्रश्न आधी विचारा. कॉइलला ५० अंश चालतं हे आम्ही भट्टीच्या कंपनीकडून ईमेलवर लेखी घेतलं. उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोंडी होकारावर लाखाची खरेदी करू नये.

एप्रिल २०२४ हवा मोजण्यात गेला. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ३८-३९ पर्यंत जातो, पण तो मोकळ्यावरचा, सावलीतला पारा. आमच्या शेडच्या पत्र्यावर एक मीटर उंचीला लॉगर (तापमान नोंदवत राहणारं उपकरण) ठेवला तेव्हा दुपारी त्याहून तीन-चार अंश जास्त दिसले. शेडच्या पूर्वेला भट्टीच्या छतातून निघणारी गरम हवा खाली उतरत होती. पश्चिमेला, भिंतीपासून तीन मीटरवर, जमिनीवर ठेवलेल्या लॉगरने मात्र जवळजवळ मोकळ्या हवेचाच आकडा दाखवला, कारण उन्हाळ्यात दुपारचा वारा आपल्याकडे पश्चिमेकडून येतो आणि शेडची गरमी पलीकडे घेऊन जातो. जागा तिथेच ठरली. हवेचं डिझाइन तापमान ४० अंश धरलं. दोन लॉगर आणि चार आठवड्यांचा धीर, एवढ्यावर हे काम झालं. चुकीच्या जागी बसवला असता तर तेच चार अंश पुढे कायम पंख्याच्या विजेतून भरावे लागले असते.

आता मुख्य हिशेब. भट्टीच्या कॉइलशी घोटाळा होऊ नये म्हणून कूलरच्या ट्यूब आणि त्यांवरच्या पातळ पट्ट्या (फिन) यांच्या गठ्ठ्याला पुढे 'कोअर' म्हणतो.

पाणी ५८ अंशांवर येणार, ४८ वर परत जाणार. हवा ४० ला आत, ५० ला बाहेर. दोन्ही टोकांना फरक आठ अंशांचाच. हवा आणि पाणी एकमेकांना आडवे जात असल्याने त्यात थोडी घट धरावी लागते. चार ओळींचा कोअर उलट्या प्रवाहाने जोडला तर ती फार नसते. आम्ही सरासरी फरक ७.७ अंश धरला. १,२०,००० वॅटला ७.७ ने भागलं की अंशामागे साधारण १५,६०० वॅट वाहून नेईल एवढी क्षमता लागते. हाच आकडा पुढच्या सगळ्या कामाचा पाया.

हवा किती लागेल? दहा अंश तापणाऱ्या हवेने १२० किलोवॅट न्यायचे तर सेकंदाला ११.९ किलो. इथे कोल्हापूर आडवं येतं. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर आहोत. कॅटलॉगमधले पंखे घनमीटरला १.२ किलोच्या हवेवर दाखवलेले असतात, तर इथल्या ४० अंशांच्या हवेचं वजन घनमीटरला १.०५ ते १.०६ किलोच भरतं. कॅटलॉगच्या हवेने तासाला ३५,७०० घनमीटर पुरले असते, प्रत्यक्षात ४०,७०० लागतात. बारा-तेरा टक्क्यांची ही तूट कोटेशनमध्ये कुणीच धरली नव्हती.

मग प्रश्न येतो तो हवेच्या वेगाचा, आणि विजेची बचत सगळी इथेच आहे. तीच हवा छोट्या तोंडाच्या कोअरमधून जोरात ढकला किंवा मोठ्या तोंडाच्या कोअरमधून सावकाश ओढा. पहिल्या कोटेशनमधला कोअर सहा ओळींचा, इंचाला १४ फिन, तोंडावर हवेचा वेग सेकंदाला तीन मीटर, त्याला पाच-पाच एचपीच्या दोन मोटरी. आम्ही तोंडावरचा वेग दीड मीटर धरला. वेग निम्मा केला की हवेचा अडथळा निम्म्याहून बराच खाली येतो, आणि पंख्याची वीज म्हणजे हवा गुणिले अडथळा. वेग कमी केल्याने फिनवरून उष्णता उचलली जाण्याचा दरही घटतो, त्यासाठी फिनचं क्षेत्र वाढवावं लागतं. पण तांबं-ॲल्युमिनियमचे पैसे एकदाच जातात, वीज दर महिन्याला जाते.

शेवटी कोअर असे ठरले : दोन कोअर, प्रत्येक २.५ मीटर लांब आणि १.५२ मीटर रुंद, चार ओळी, ओळीत ४० ट्यूब. ट्यूब तांब्याची, १५.९ मिमी व्यासाची, अर्धा मिमी जाडीची. ट्यूबांतलं अंतर ३८ मिमी, ओळींतलं ३३ मिमी. फिन ॲल्युमिनियमचे, सपाट, इंचाला आठ. दोन्ही मिळून तोंडाचं क्षेत्र ७.६ चौरस मीटर आणि फिन धरून हवेकडचं क्षेत्र सुमारे ५६४ चौरस मीटर. या वेगाला उष्णतेचा एकूण दर चौरस मीटरला अंशामागे २८ वॅटच्या आसपास येतो. गुणाकार केला की १५,६०० ला पुरतं.

पाण्याची वाटणी करताना आम्ही आधी चुकलो होतो. वेग जास्त तेवढं चांगलं, असं समजून प्रत्येक कोअरमध्ये आठच समांतर वाटा धरल्या होत्या. तेव्हा पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर आणि अडथळा पाच मीटर उंचीच्या पाण्याएवढा येत होता. दहा वाटा, प्रत्येकीत १६ ट्यूब, असं केल्यावर वेग ०.८ वर आला, अडथळा तीन मीटरवर, आणि उष्णतेच्या दरात दीड-दोन टक्क्यांचा फरक पडला. कारण सोपं आहे. उष्णतेच्या वाटेतल्या एकूण अडथळ्यातला पाण्याकडचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत असतो, खरा अडथळा हवेकडेच. पाण्याचा जोर वाढवून पंपाची वीज जाळण्यात अर्थ नाही. ग्लायकोलही घातलं नाही. कोल्हापुरात पाणी गोठत नाही आणि ग्लायकोलने उष्णता वाहून नेण्याची ताकद कमी होते.

फिनबद्दल थोडं सविस्तर, कारण फाउंड्रीत ड्राय कूलर निकामी होतो तो याच कारणाने. आपल्या हवेत वाळूची धूळ, बेंटोनाइट (साच्याच्या वाळूत घालायची चिकणमाती) आणि कोल डस्ट असते. गळिताच्या हंगामात आजूबाजूच्या शेतांत पाचट पेटवलं की काजळीचे काळे पापुद्रे उडत येतात. इंचाला चौदा फिन म्हणजे दोन फिनांत दीड-पावणेदोन मिमीची फट. दोन महिन्यांत ती बुजते. आठ फिन म्हणजे तीन मिमी. नागमोडी किंवा खाचांचे फिन कागदावर जास्त उष्णता देतात, पण धूळ त्या खाचांतच धरते. म्हणून सपाट फिन, आणि खालच्या बाजूला सरकवून काढता येणारी तारेची जाळी.

उन्हाच्या तडाख्यात फिनवर पाण्याचा फवारा मारायचा, असाही एक सल्ला आला. तो नाकारला. जड पाण्याचे क्षार फिनवर बसतात, आणि बेंटोनाइट ओला झाला की त्याचा चिखल होऊन वाळल्यावर खरपुडी धरते.

पंखा वर बसवायचा की खाली, यावर आठवडाभर चर्चा चालली. खाली बसवला तर मोटर गार हवेत राहते आणि देखभाल सोपी. वर बसवला तर गरम हवा जोराने उंच फेकली जाते आणि पुन्हा आत ओढली जाण्याची शक्यता घटते, कोअरवर ऊन-पाऊसही थेट पडत नाही. आम्ही वर बसवला. मोटर ५० अंशांच्या हवेत चालणार म्हणून प्रत्यक्ष ओझं पाऊण किलोवॅटच्या आत असूनही दीड किलोवॅटची, जास्त गरमी सोसणाऱ्या एफ क्लास इन्सुलेशनची, धूळ-पाणी आत न जाऊ देणारी आयपी ५५ मोटर घेतली. पंख्याचा व्यास १४०० मिमी. एपीआय ६६१ हे तेल-शुद्धीकरणासाठीचं मानक आमच्यावर बंधनकारक नाही, पण पंख्यांचं क्षेत्र कोअरच्या तोंडाच्या किमान ४० टक्के असावं हा त्यातला नियम घ्यावा असाच आहे. दोन १४०० चे पंखे बरोबर ४० टक्के भरतात. आधी विचारात असलेले १००० मिमीचे पंखे फक्त २१ टक्के भरत होते. मधल्या ट्यूबांवरून वारं आणि कोपऱ्यात काहीच नाही, अशी गत झाली असती. पंखा आणि कोअर यांच्यातली पोकळी ७५० मिमी उंच ठेवली. दोन पंख्यांच्या मध्ये पत्र्याची भिंत हवीच. ती नसेल तर एक पंखा बंद पडला की दुसरा पंखा कोअरमधून ओढायचं सोडून त्या बंद पंख्याच्या तोंडातूनच हवा ओढतो.

ऑगस्टमध्ये कोटेशनं मागवली. तीन आली, आणि तिन्हींची तुलनाच होईना. एकाने हवा ३५ अंश धरलेली, एकाने पाण्याचं तापमान लिहिलंच नव्हतं, तिसऱ्याने मोटरची वीज न देता फक्त एचपी दिला होता. मग आम्ही एका पानाचा डेटाशीट बनवला. त्यात ओझं, पाण्याचा प्रवाह आणि दोन्ही तापमानं, हवेचं तापमान आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, फिनची संख्या, तोंडावरचा कमाल वेग, पाण्याकडचा कमाल अडथळा, आणि 'पूर्ण ओझ्याला दोन्ही पंख्यांची मीटरवर दिसणारी वीज किलोवॅटमध्ये'. हे शेवटचं वाक्य टाकल्यावर कोटेशनं शहाणी झाली. लहान तोंडाच्या वस्तूपेक्षा आमची वस्तू दीडएक लाखाने महाग पडत होती, पण पंख्यांच्या विजेत चार किलोवॅटहून जास्त फरक होता.

बँकेची फाइल सप्टेंबरमध्ये दिली. उद्यम नोंदणी, तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटी रिटर्न, तीन कोटेशनं, निवडलेल्याचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, २५ टक्के स्वतःची रक्कम. मंजुरीला सात आठवडे गेले. त्यातले दोन आठवडे एका प्रश्नावर गेले : सर्वांत स्वस्त कोटेशन का नाही? आम्ही पाच वर्षांच्या विजेच्या फरकाचं एक पान जोडलं तेव्हा कागद पुढे सरकला. ते पान पहिल्या दिवशीच जोडा. दरम्यान कोटेशनची मुदत संपली, कारण तांब्याचा भाव हलता असल्याने कोअरवाले पंधरा दिवसांपलीकडे दर धरून ठेवत नाहीत. नवा दर चौदा हजारांनी चढा आला. त्यामुळे मंजुरी हातात आल्यावरच अंतिम दर मागवणं बरं.

जागेचाही कागद लागतो. प्लॉटच्या कडेची मोकळी पट्टी अग्निशमनाची गाडी फिरण्यासाठी असते, तिथे परस्पर लोखंडी स्टँड उभा करू नये. अर्ज, नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला देऊन परवानगी घेतली. तीन हेलपाटे झाले, त्यातला एक फक्त नकाशावर उत्तर दिशा दाखवली नव्हती म्हणून. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात पाण्याचा वापर लिहिलेला असतो. तो कमी झाल्याची नोंद नूतनीकरणाच्या वेळी करता येते, तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या पाणी मीटरच्या नोंदी जपून ठेवा.

ऑर्डर नोव्हेंबर २०२४ मध्ये गेली. मुद्दाम पावसाळ्यानंतर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये मोठा माल मागवायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे. कोअर सहा आठवड्यांत तयार झाले. मोटरींनी जास्त वेळ घेतला. आठ पोलची, म्हणजे हळू फिरणारी, मोटर दुकानात तयार मिळत नाही, पाच आठवडे सांगितले आणि सात लागले. इतका मोठा पंखा चार किंवा सहा पोलच्या मोटरीवर थेट लावला तर पात्यांच्या टोकाचा वेग आणि आवाज दोन्ही हाताबाहेर जातात, म्हणून थांबण्याला पर्याय नव्हता.

कोअर निघण्यापूर्वी कारखान्यात जाऊन चाचणी बघितली. कामाचा दाब सहा बार, चाचणी नऊ बारला, अर्धा तास. एका बेंडच्या ब्रेझिंगमधून पाझर दिसला, तिथेच दुरुस्त झाला. हीच गळती बसवल्यावर सापडली असती तर आठवडा गेला असता. कोअर उतरवताना पट्टा चौकटीला लावायचा, हेडरला (सगळ्या वाटांना पाणी वाटणाऱ्या जाड नळाला) नाही. फिनला लाकडी फळ्यांचं आवरण मागून घ्या. तरी थोडे फिन वाकलेच, ते फिनच्या कंगव्याने सरळ केले.

जोडणीसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये लायनिंग पाडायचा आठवडा निवडला. भट्टी थंड, रॅमिंग आणि सिंटरिंग (नवं अस्तर ठोकून बसवणं आणि भाजून घट्ट करणं) होईपर्यंत तीन दिवस हातात. नव्या कामात पाइप स्टेनलेसचा घेतला. दोन कोअरना पाणी सारखं वाटलं जावं म्हणून ज्या कोअरला पुरवठा आधी मिळतो त्याची परती शेवटी जुळवली, म्हणजे दोन्ही वाटांची लांबी सारखी होते. आपत्कालीन पाण्याची जुनी टाकी आणि तिची लाइन तशीच ठेवली, मध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाकून. वीज गेली, जनरेटर उठला नाही, तरी भट्टीत रस असेपर्यंत कॉइलला पाणी मिळालंच पाहिजे. ड्राय कूलर आला म्हणून ही टाकी काढायची चूक कुणीही करू नका.

पहिल्या हीटला, म्हणजे रस वितळवण्याच्या पहिल्या खेपेला, छातीत धडधड होती. आणि दुसऱ्या तासाला पाणी अपेक्षेपेक्षा तीन अंश वर दिसायला लागलं. हीट काढून भट्टी थांबवली. तापमानाच्या गनने प्रत्येक वाटेचं बेंड तपासलं तर एका कोअरच्या वरच्या तीन वाटा थंड लागल्या, म्हणजे तिथे पाणीच फिरत नव्हतं. त्या हेडरच्या वरच्या टोकाला हवा सोडण्याचा नळ नकाशात होता, पण बसवलेला नव्हता. भोक पाडून नळ बसवला, हवा सुटली, वाटा चालू झाल्या. भरताना पंप एकदम सुरू न करता पाणी खालून सावकाश चढवायचं, हेही तेव्हाच कळलं.

तरीही दीड अंशाची कसर राहिली. ॲनिमोमीटरने (वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणाने) प्रत्येक कोअरच्या तोंडावर नऊ ठिकाणी वेग मोजला. सरासरी १.५ ऐवजी १.२५. कारण पंख्याभोवतीच्या गोल कड्यात होतं. पात्याचं टोक आणि कडं यांच्यात सहा ते बारा मिमी फट असायला हवी. आमचं कडं वाहतुकीत थोडं लंबगोल झालं होतं; एका बाजूला सात आणि समोरच्या बाजूला वीस मिमी. त्या फटीतून गरम हवा उलटी खाली येत होती. कड्याला आतून पट्टी लावून फट आठ-नऊ मिमीवर आणली, पात्यांचा कोन बारावरून पंधरा अंश केला, कोअर आणि चौकटीतल्या फटी पत्र्याने बंद केल्या. वेग १.४८ आला. पुरवठादाराने कड्याची दुरुस्ती पैसे न घेता केली, पण आठ दिवस लावले. उभारणीच्या दिवशीच चारही बाजूंना फीलर (फट मोजायची पट्टी) फिरवून बघितलं असतं तर हे टळलं असतं.

पंख्यांना दोन स्वतंत्र व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारी उपकरणं) आहेत, दोघांना वेगाचा हुकूम एकच. भट्टीला जाणारं पाणी ४२ अंशांवर ठेवायचं, तेवढ्यापुरते पंखे फिरतील. वरची मर्यादा ४० हर्ट्झ. एक पंखा बंद ठेवून दुसरा पूर्ण वेगाने चालवणं अनेकांना काटकसरीचं वाटतं, पण हिशेब उलटा आहे. पंख्याची वीज वेगाच्या घनाने बदलते. वेग निम्मा केला तर वीज आठवा हिस्सा, म्हणजे दोन पंखे निम्म्या वेगाने तेवढीच हवा एका पूर्ण वेगाच्या पंख्याच्या चौथाई विजेत देतात. डिसेंबरच्या रात्री पंखे १५ हर्ट्झच्या खाली जातात आणि शेजारी उभं राहून बोलता येतं. पाणी ३० अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर पावसाळ्याच्या दमट हवेत थंड नळ्यांना पाणी सुटतं, आणि भट्टीच्या कॉइलपाशी ओल कुणालाच नको असते.

खरी परीक्षा एप्रिल २०२५ मध्ये. दुपारी तीनला कूलरपाशी हवा ३८.५ अंश, भट्टी पूर्ण पॉवरवर, पाणी ५३ ला आलं आणि ४५ ला परत गेलं. दोन्ही पंखे मिळून मीटरवर १.३ किलोवॅट. मेच्या उत्तरार्धात पाऊस लवकर कोसळला, म्हणून ४० अंशांची दुपार त्या वर्षी मिळाली नाही. पण एप्रिलच्या आकड्यांवरून हिशेब केला तर ४० ला आणि आत्ताच्या ओझ्याला पाणी ४७ च्या आतच राहतं.

खर्च, जीएसटी सोडून : कोअर ४ लाख १० हजार, पंखे-मोटरी-व्हीएफडी १ लाख ६५ हजार, स्टँड आणि पत्राकाम १ लाख २० हजार, पाइप आणि पंप १ लाख १० हजार, सेन्सर-वायरिंग ४५ हजार. एकूण साडेआठ लाख. आधी टॉवरचा पंखा, त्याचा पंप आणि कॉइलचा पंप मिळून सात किलोवॅट लागत होते. आता कॉइलचा पंप १.९, पॅनेलचा छोटा टॉवर आणि पंप ०.९, ड्राय कूलरचे पंखे सरासरी ०.६. सोळा तास आणि सव्वीस दिवस धरले तर महिन्याला साधारण १,५०० युनिट वाचतात, आणि साठेक घनमीटर पाणी. नुसत्या विजेवर पैसे वसूल व्हायला पाच वर्षांच्या वर लागतील, हे स्पष्ट सांगायला हवं. आमच्यासाठी प्लेटांचं ॲसिड धुणं आणि पाण्यामुळे होणारं ट्रिपिंग थांबलं, याचं मोल त्याहून जास्त आहे. तुमच्याकडे गोडं पाणी मुबलक असेल आणि प्लेटा वर्षाला एकदाच धुवाव्या लागत असतील, तर घाई करू नका.

सफाईचा नियम चुकत शिकलो. मार्चमध्ये चार आठवडे हात लावला नाही, तर परतीचं पाणी तीन अंशांनी वर गेलं. आता कोअरच्या खाली-वर नळी जोडून तिरका मॅनोमीटर (हवेच्या दाबातला फरक दाखवणारं उपकरण) लावला आहे. स्वच्छ असताना तीन मिमी पाणी दाखवतो, पाच मिमी झाले की सफाई. साधा उभा यू मॅनोमीटर इतका बारीक फरक दाखवत नाही. सोमवारी भट्टी बंद असते तेव्हा पोकळीच्या दारातून आत जाऊन वरून खाली, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, दोन बारच्या हवेने फुंकर मारायची. आधी कोरडं फुंकायचं आणि मगच, गरज असेल तर, साध्या नळीच्या पाण्याने धुवायचं. थेट पाणी मारलं तर बेंटोनाइट फिनमध्येच बसतो, आणि वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा मारला तर फिन आडवे होतात. दोन माणसांचं पाऊण तासाचं काम. खालची जाळी दर आठवड्याला झटकायची, गळिताच्या हंगामात दोनदा. स्टोअरमध्ये एक जादा मोटर, एक व्हीएफडी आणि हवा सोडायचे दोन नळ ठेवले आहेत. मोटरला लागलेले सात आठवडे लक्षात ठेवून.